बंद पाकिटं

प्रिय डाउवे,

अक्षर ओळखलंस ना? मग चुरगळून पिठाच्या पोत्यांमागे फेकण्याआधी एवढं एक पत्र शेवटपर्यंत वाच. मी स्वतः येऊन तुझ्या बेकरीच्या दारातल्या फटीतून ते आत टाकणार आहे. आत आले असते तर पहिल्याच मिनिटाला आपल्या दोघांचे आवाज चढले असते आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. आपलं घराणंच तसं. कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही.

बाबांच्या पंचाहत्तरीला आपलं बिनसलं, त्याला दीड वर्ष झालं. सगळे नातेवाईक गोल खुर्च्या मांडून, मांडीवर बशा घेऊन बसले होते. मी नुकतंच शाळेत जाहीर केलं होतं, की यापुढे वाढदिवसाच्या मुलानं वर्गात खाऊ म्हणून गुलाबी साखरेचे केक वाटायचे नाहीत. द्राक्षं आण, काकडी आण, चीजचे तुकडे आण. ते केक तुझ्याच भट्टीतले, हे मला माहीत नव्हतं थोडंच! तू सगळ्यांदेखत म्हणालास, की रिन्स्के मुख्याध्यापिका झाली आणि गावातल्या पोरांच्या तोंडचा घास काढायला निघाली. मीही कमी नाही. मी म्हटलं, हा माझा भाऊ नाही बोलत, त्याचं दुकान बोलतंय. आई बिचारी कॉफी ओततच राहिली. तेव्हापासून तू रस्त्यात दिसलास की मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवते, आणि तूही तेच करतोस म्हणे.

केक बंद केल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगते. उगाच आशेवर राहू नकोस. सात-आठ वर्षांची पोरं दोन जिने चढून धापा टाकायची, ते मी पाहिलंय. आता रोज सकाळी पहिल्या तासाआधी अख्खी शाळा बांधावरून पंधरा मिनिटं पळते. पाऊस असो, वारा असो, पळते म्हणजे पळते. डब्याबरोबर सरबत बंद, पाणी चालू. पहिल्या महिन्यात पालकांनी माझं डोकं खाल्लं. आता तेच पालक सांगतात, की पोरगं रात्री पडल्या पडल्या झोपतं. यातलं मी काहीएक सोडणार नाही. तू याविरुद्ध पालकांच्या चाळीस सह्या गोळा केल्यास त्या समजल्या. चारशे केल्यास तरी नाही.

पण एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. आपल्या वेळचे होक्स्ट्रा मास्तर आठवतात? व्यायामशाळेत काटा मांडायचे आणि एकेकाचं वजन मोठ्यानं वाचायचे. तू नऊ वर्षांचा होतास. तुझा आकडा वाचल्यावर ते थांबले आणि पुन्हा एकदा वाचलं. आमचा वर्ग दाराशी रांगेत उभा होता. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ती मी. तुझी सख्खी बहीण. मैत्रिणींसमोर तुझी बाजू घ्यायची लाज वाटली, दुसरं काय. त्या दिवशी तू कालव्याच्या काठानं एकटाच घरी गेलास आणि आईला पोट दुखतंय म्हणून सांगितलंस. मला सगळं माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. मुख्याध्यापिका झाले तेव्हा मनाशी ठरवलं, की माझ्या शाळेत मुलांची तब्येत सुधारेल, पण कुणाचा पाणउतारा होणार नाही.

म्हणून यंदा वजनं घेतली ती पडद्याआड. नर्सबाई गोड स्वभावाच्या. आकडा मुलांनाही सांगितला नाही. ज्यांचं वजन जास्त होतं त्यांच्या आईवडिलांना पत्रं जायची होती. ती टपालानं घरी जाणार होती, आणि तिथे मी शहाणपणा केला. म्हटलं, आठवडा कशाला घालवायचा, वर्गातच वाटू. पाकिटं बंद आहेत, वर पालकांचं नाव आहे, झालं की गुप्त! आपल्याकडे पाकीट चिकटवलं की सगळं झाकलं, असंच आपण समजतो ना. वर्गात मुलं चोवीस आणि पाकिटं पाच. पाच जणांनी ती मान खाली घालून दप्तरात घातली आणि एकोणीस जणांनी पाहिलं. मास्तरांनी निदान सगळ्यांचे आकडे वाचले होते रे. मी फक्त पाच जणांना उभं केलं, आणि तेही हसतमुखानं.

दुसऱ्या दिवशी तू आलास आणि तुझ्या निन्केला मिळालेल्या पत्राचे तुकडे माझ्या टेबलावर ठेवलेस. म्हणालास, “माझी पोरगी म्हणजे तराजूवरचं पीठ नाही, रिन्स्के.” मला वाटलं, केकचा राग काढतोयस. मी तुला नियम वाचून दाखवला. तू खरं बोलत होतास आणि मी कान बंद करून बसले होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल सकाळी पळताना निन्के बांधावर मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. मी बाकीच्या मुलांना पुढे पाठवलं आणि तिच्याजवळ बसले. मग म्हणाली, “आत्या, अजून किती दिवस जेवले नाही म्हणजे मला पाकीट मिळणार नाही?” डाउवे, तीन आठवडे झाले, ती डबा सायकलींच्या शेडमागे ओतून देते. वर्गात त्या पाच जणांना पाकीटवाले म्हणतात. संध्याकाळी ती तुला सांगते, की शाळेत पोटभर जेवले, आणि तू भट्टीपाशी थकलेला असतोस, म्हणून विश्वास ठेवतोस. मी तिला तिथूनच तुझ्याकडे घरी आणणार होते, पण तिनं माझा हात घट्ट धरला. बाबाला कळलं तर त्याला वाटेल, मला त्याच्यासारखं जाड व्हायचं नाही, आणि त्याला वाईट वाटेल, म्हणाली. माझ्याकडून शपथ घेतली. मी माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच तिला बळंच खायला लावलं आणि घरी जाऊन रडले. ती शपथ मी आज मोडतेय. डॉक्टरांची उद्या सकाळी नऊची वेळ घेतलीय, मी बाहेर थांबेन, आत तू जा. बाकीच्या चार मुलांच्या घरी मी आजच जातेय, माफी मागायला. वर्गात काय बोलायचं तेही माझं मी बोलेन. गुरुवारच्या पालकसभेत सह्या घेऊन बिनधास्त उभा राहा. पळणं मी सोडणार नाही, पण पाकिटांची चूक माझी होती, हे तुझ्याआधी मीच सगळ्यांना सांगणार आहे. तुझ्याकडे एवढंच मागते, की आज ती दोन वाजता घरी येईल तेव्हा बेकरी बंद कर. तिला रागावू नकोस, समजावूही नकोस. दोन ताटं घे, तिच्यासमोर बस, आणि तिचं जेवण होईपर्यंत उठू नकोस.

तुझीच,
तेव्हा हसलेली,
रिन्स्के