तिसऱ्यांचं वेगळं पातेलं

अब्बा, तुमच्या नातीचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे मोडता मोडता राहिलं, आणि मोडलं असतं तर माझ्यामुळे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगायला आगरदांड्यात मला दुसरं माणूस नाही. धाकट्या बहिणीला सांगावं तर संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडे दिघीलाही कळेल.

पोरगी बर्मिंगहॅमला नर्स आहे. तिथलाच मुलगा तिने पसंत केला, त्याचे आईवडील मूळचे लखनौकडचे. तुमचा जावई असता तर तो गेला असता बोलणी करायला. तो नाही, म्हणून मी गेले, एकटी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. लेक म्हणाली, "अम्मा, रविवारी ते सगळे जेवायला येतायत, काय करायचं ते तूच बघ." ती ड्युटीवर गेली आणि मी बाजारात. तिथे बर्फावर शिंपल्यातल्या तिसऱ्या दिसल्या, चांगल्या टपोऱ्या, आणि मी अशी हरखले म्हणून सांगू! आपल्याकडे खास पाहुणा आला की काय करतो? तेच केलं. खोबरं भाजून तिसऱ्यांचं सुकं, सोबत तांदळाच्या भाकऱ्या. चिकनही केलं होतं, पण मान तिसऱ्यांचा. लेक घरी आली ती पाहुण्यांबरोबरच, तिला पातेल्यात डोकवायलाही मिळालं नाही.

मुलाची आई झाकण उचलते. "ये क्या है?" मी हौसेने सांगते. ती झाकण परत ठेवते, अगदी हळू, आत काही जिवंत असावं तशी. मुलाचे वडील मान वर न करता म्हणतात, "ये हमारे यहाँ जायज़ नहीं है." इथपर्यंत ठीक होतं. आपण शाफई, समुद्रातलं सगळं खातो. ते हनफी, समुद्रातलं माशांशिवाय दुसरं काही खात नाहीत. हे मला काय माहीत नव्हतं? पण सगळा जन्म आपल्याच किनाऱ्यावर गेला, डोक्यातच आलं नाही बघा. मग त्या बाई म्हणाल्या, "मुसलमान होकर सीपियाँ खाते हैं आप लोग?" आणि माझं डोकं सटकलं.

तुम्ही आठवलात. मदरशात शिकवायला उत्तरेकडचे मौलवी आले होते, आपल्याकडे जेवायचे. तिसऱ्या असल्या की तुम्ही मांला सांगून त्यांच्यासाठी वेगळी डाळ करायला लावायचात. एकदा त्यांनी नाक मुरडलं म्हणून मी फिदीफिदी हसले, तर तुम्ही सगळ्यांसमोर मला ताटावरून उठवलंत. "त्यांचा मसला त्यांना, आपला आपल्याला. दात काय काढतंस?" मी ओटीवर बसून रडत होते आणि तुम्ही वळून पाहिलंही नाहीत. दुसऱ्याला डाळ वाढायला शिकवलंत, अब्बा. समोरचा आपल्याला डाळ वाढत नाही तेव्हा काय करायचं, ते कुठे शिकवलंत? मला राग येतो तुमचा, अजूनही येतो.

लेकीचा चेहरा पांढराफटक. मुलगा आईला "अम्मी, बस" म्हणत होता. मी पातेलं माझ्यापुढे ओढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुनावलं, "आपके लिए चिकन है, आराम से खाइए. पर हमारे पूरे किनारे को मुसलमानी मत सिखाइए. और शादी के बाद मेरी बेटी के घर में तिसऱ्या का पतीला अलग रहेगा. मंज़ूर है तो तारीख निकालो, नहीं तो रहने दो." बोलून गेले खरी, पण लगेच धास्तावले. ते नुसते उठले असते तर माझ्या पोरीचं काय झालं असतं? तिने मुलाचा हात टेबलाखाली धरून ठेवला होता, मला दिसत होतं. मुलाच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "पतीला रख लीजिए. हम उसे हाथ नहीं लगाएँगे." त्या बाई जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, चिकन तेवढं खाल्लं. तारीख मात्र ठरली.

ते गेल्यावर भांडी घासताना लेक कडाडली. "कोणी सांगितलं होतं तुला? मला तिसऱ्या आवडतच नाहीत, अम्मा! लहानपणापासून नाही आवडत. तू इतक्या मायेने वाढायचीस म्हणून गिळायचे. त्या पातेल्यापायी माझं लग्न पणाला लावलंस?" मी नळ मोठा सोडला आणि तेच भांडं परत परत घासत राहिले.

तिला उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते, कारण हा कागद कुठे जाणार नाही आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही. इथे आगरदांड्याच्या घरात मी एकटी आहे, गुडघे कुरकुरायला लागलेत, आज ना उद्या तिच्याकडे जाऊन राहावं लागणार. तिथे मला पाहुण्यासारखं, विचारून विचारून जेवायचं नाही. ते पातेलं मी माझ्यासाठी मागितलं, अब्बा.