येण्याजोगा दर

प्रिय दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (टेबलाखाली जागा नसल्याने खुर्चीतूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझी पाठदुखी कशी आहे? वहिनी आणि पोरं मजेत ना? इकडे माझा गुडघा, हिची सर्दी आणि गॅलरीतला गळका नळ सोडल्यास सगळं क्षेम आहे. तुझ्या मातोश्री, म्हणजे आमची आत्या, आम्हा सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे. फक्त परवा तिचा जन्म कधी झाला हेच काही केल्या ठरेना, त्याची हकीकत कळवायला हे पत्र.

चलन बदलून देणाऱ्या पेढीत काचेमागे बसून आत्याने उभा जन्म काढला, हे तुला मी काय सांगावं! तिकडच्या एका नोटेला आपल्या किती, हा आकडा रोज सकाळी फळ्यावर तिच्याच हाताने चढायचा. पेढी सुटली, पण आकडा सुटला नाही. अजूनही रेडिओवर दर ऐकल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नाही. घरातल्या कुठल्याही गोष्टीची तारीख विचार, ती साल सांगत नाही, दर सांगते. फ्रिज पन्नासचा. कपाट अडतीसचं. मी एकतीस चाळीसचा, म्हणजे आपलं चलन गडगडत होतं तेव्हाचा. ("पडझडीतला आहे, सांभाळून घे," असं तिने हिला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं.) मला तर या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात. मला माझ्या लग्नाची तारीख आठवत नाही म्हणून दरवर्षी बोलणी बसतात, आणि आत्याला त्या दिवशीचा सकाळचा आणि दुपारचा, दोन्ही दर तोंडपाठ!

तर, पेन्शनसाठी वयाचा दाखला हवा होता आणि तिच्या शाळेचं दप्तर कधीच पुरात गेलेलं. कचेरीत कारकुनाने विचारलं, "आजी, जन्मसाल?" आत्या ठणकावून म्हणाली, "पावणेपाच." त्याने पेन खाली ठेवलं. मी मध्ये पडून सगळा खुलासा केला. माणूस भला, त्याने संगणकावर जुन्या दरांचा तक्ता उघडला आणि आमचं नशीब बघ, त्या काळी सरकारने दर खिळा ठोकून बसवलेला! वर्षानुवर्षं पावणेपाच म्हणजे पावणेपाच, इकडचा तिकडे नाही. त्या हिशेबाने आत्या सत्तरीचीही ठरत होती आणि साठीचीही. (साठीची धरली तर तुझ्या जन्माच्या वेळी ती सहावीत होती.) मी घामाघूम. आत्या मात्र शांत. म्हणाली, "अहो, खिळा निघाला तो दिवस बघा की. रातोरात साडेसात झाला. रस्त्यावर दुकानांची दारं धडाधड लागली आणि आमच्या वडिलांनी मला शाळेतून उचलून घरी आणलं. माझा शाळेचा पहिलाच दिवस होता, रडायचंसुद्धा राहून गेलं." कारकुनाने तिथून सहा वर्षं मागे मोजली आणि दाखल्यावर शिक्का मारला.

खरी मजा पुढेच. कारकुनाने हळूच आपल्या लग्नाची तारीख सांगितली. आत्या म्हणाली, "सव्वीस दहा. दुपारी जरा सावरला होता. संसार बरा चाललाय ना?" तक्त्यात तंतोतंत सव्वीस दहा! मग काय, रांग मोडली. कुणी मुलाचा जन्म सांगतोय, कुणी घराचा ताबा मिळाल्याचा दिवस, साहेबसुद्धा केबिनमधून बाहेर आले. एकही आकडा चुकला नाही. माझी छाती अशी फुगली की जणू सगळं मीच पाठ केलंय. त्या भरात मीही एक तारीख सांगितली. तू विमानात बसलास ती.

आत्या पिशवीचे बंद सारखे करू लागली. "त्या दिवशी बघायचा राहिला," म्हणाली, आणि पिशवी उचलून चालू लागली. मला फार वाईट वाटलं रे दादा.

तू दरवर्षी फोनवर "येऊ का?" विचारतोस. दर चढलेला असला की ती म्हणते, "आत्ताच तर कमवायचे दिवस आहेत, काम टाकून येऊ नकोस." उतरलेला असला की म्हणते, "इतक्या पडत्या दरात साठवलेलं मोडून येतोस कशाला?" तू आज्ञाधारक, ऐकतोस. पण येण्याजोगा दर मी तरी आजवर पाहिलेला नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना माझ्याकडून एकेक टप्पल.

तुझा,
पडझडीतला धाकटा

ता. क. नळ, गुडघा, कचेरी हे सगळं निमित्त. पेन्शन पहिल्यांदा हातात पडेल तेव्हा तू इथे असावंस, एवढंच मागणं आहे. तिला विचारू नकोस. विचारलंस की दर सांगेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना आत्या आली आणि तिने पत्र ओढून घेऊन सगळं वाचलं. म्हणाली, "सकाळचा दर ऐकलास का? तिकीट काढायला याहून वाईट दर मी जन्मात पाहिला नाही." मी निमूटपणे पत्र फाडायला घेतलं, तर तिने माझा हात धरला. "फाडतोस कशाला? ये म्हणून लिही त्याला."