नवजात कक्षाच्या तक्रारीवर सभा न घेण्याबाबत

प्रति,
मा. महासंचालक,
नखील माता-बाल रुग्णालय समूह, दमनहूर.

विषय : नवजात कक्षाच्या तक्रारीवर उद्या ठेवलेली ऑनलाइन सभा रद्द करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर झालेल्या दोन सभा.

महोदय,

मी, नवजात कक्षाची मुख्य परिचारिका करिमान शलबी, सविनय सादर करते की, आपण माझ्या अर्जांची दखल घेतलीत याबद्दल मी आभारी आहे. मात्र यापुढे अशी दखल घेतली जाऊ नये, यासाठीच हा अर्ज आहे.

१. उन्हाळ्यात रुग्णालयाचे संगणक-जाळे नवे झाले. पूर्वी मजल्यामजल्यावरची यंत्रे आपापल्या परीने संदेश पुढे पाठवत. आता एकच प्रोग्राम त्या सर्वांना हुकूम देतो, की गर्दी झाली तर कोणाचा संदेश आधी आणि कोणाचा मागून. तो सांगितले तेवढेच करतो, त्याचा काही दोष नाही. इंजिनीअर हैसम यांनी प्रशासनाकडे हा क्रम मागितला, तेव्हा प्रशासनाने उद्घाटन समारंभात कोण कुठे बसले त्याची यादी दिली. त्यात आपण पहिले, हे योग्यच. आमच्या कक्षप्रमुखांचे पद रिक्त असल्याने आम्हाला समारंभात खुर्चीच नव्हती. म्हणून आम्ही सर्वांत शेवटी, कँटीनच्याही खाली आलो.

२. अपुऱ्या दिवसांची बाळे मधेच श्वास घ्यायची थांबतात. काचपेटीचे यंत्र तसे आमच्या टेबलावरच्या पडद्याला कळवते आणि आम्ही धावतो. पेटीचा स्वतःचा भोंगा काचेच्या दोन दारांपलीकडे ऐकू येत नाही. चारही शाखांची ऑनलाइन सभा सुरू झाली, की सगळे जाळे वरिष्ठांच्या चेहऱ्यांनी भरते आणि बाळांचा इशारा मागे ताटकळतो.

३. हे मी पहिल्या अर्जात कळवले. त्यावर सभा झाली, अर्थातच ऑनलाइन. इतिवृत्तात नोंद आहे की, सभा चालू असताना कक्षातून एकही तक्रार आली नाही, सबब परिस्थिती समाधानकारक आहे. महोदय, तक्रार येण्याचा रस्ताही तोच आहे.

दुसऱ्या अर्जावरची सभा लांबली, कारण उपसंचालकांनी विचारले, "मग आम्ही काय आता कँटीनच्या खाली बसायचं?" त्यावर बरीच चर्चा झाली म्हणतात. त्याच वेळी रावया या बाईंच्या मुलीचा श्वास थांबला. परिचारिका सबरीन चादर बदलायला आत गेली होती, म्हणून तिला मूल निळे पडलेले दिसले. पडद्यावर इशारा उमटला तोवर सबरीनने बाळाचा श्वास परत आणला होता आणि स्वतः जमिनीवर बसून रडत होती.

४. हैसम यांना मी रोज गाठते. ते म्हणतात, "मिस करिमान, काम दोन ओळींचं आहे हो. पण सही कुणाची आणू? साहेबांच्या वर कुणाला चढवलं, तर माझीच उचलबांगडी व्हायची." कँटीनवाले अम्म बंदारी, म्हणजे आम्हा सगळ्यांचे बंदारीकाका, परवा चहा देताना म्हणाले, "मिस, माझ्या गल्ल्यावरनं पाठवा की निरोप! मी तुमच्या वर आहे ना." मी हसले. मग रात्रभर खरोखरच विचार करत राहिले, की पेट्या कँटीनमध्ये हलवता येतील का. माझी अवस्था इथवर आली आहे.

५. रावया रोज खेड्यावरून येते आणि काचेला हात लावून उभी राहते. काल तिने विचारले, "मिस, काही झालं तर ही पेटी सांगते ना तुम्हाला?" मी "हो गं" म्हटले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही आईशी मी असे खोटे बोलले नव्हते. मला स्वतःची लाज वाटते आहे.

आता आपले पत्र आले आहे, की विषय गंभीर असल्याने उद्या सकाळी सर्व शाखांची विस्तारित सभा होईल. ते वाचून मी लगेच हा अर्ज लिहायला बसले.

तरी हात जोडून विनंती की, हा अर्ज कोणत्याही सभेपुढे ठेवू नये. सोबतच्या आदेशावर सही करावी, म्हणजे हैसम आमचा कक्ष वर घेतील. सभा घेणे भागच असेल, तर ती सुरू असेपर्यंत आपण स्वतः आमच्या कक्षात येऊन रावयाच्या मुलीच्या पेटीजवळ बसावे. खुर्ची मी देते. तिचे पोट वरखाली होते आहे ना, एवढेच पाहायचे आहे. ते थांबले तर मोठ्याने मला हाक मारावी, आणि कृपया त्या वेळी फोन घेऊ नये.

आपली नम्र, आणि उद्या सकाळी कामावर असलेली,

करिमान शलबी
मुख्य परिचारिका, नवजात कक्ष
दमनहूर, २० नोव्हेंबर २०२४

सोबत : सहीसाठी आदेश, एक प्रत. (माणसाच्या हाती पाठवीत आहे.)