सुऱ्या, तुझे गुडघे ठणठणीत होते

प्रिय सुऱ्या,

काल तुझी शोकसभा झाली. वाचनालयाच्या माडीवर, आपला वाचनगट दर शनिवारी बसायचा त्याच खोलीत. आणि तिथे, तुझ्या फोटोसमोर, मी खोटं बोललो. म्हणून लिहायला बसलोय. तुझ्यावर प्रेम उतू जातंय म्हणून नाही.

शुभदाताई बोलायला उभ्या राहिल्या. शाळेत शिकवायची सवय, त्यामुळे प्रत्येक मुद्दा बोटावर. काळे व्यासंगी, काळे मनमिळाऊ, काळे वक्तशीर. मनमिळाऊ! तू? गेल्या वर्षभरात तू आमच्यापैकी कोणाचा फोन उचलला नव्हतास. मग म्हणाल्या, "गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना, म्हणून येणं सुटलं. नाही का हो दिनूभाऊ?"

पहिल्या रांगेत मंगलवहिनी बसल्या होत्या. वळून माझ्याकडे बघत होत्या.

"हो ना," मी म्हणालो. "फार दुखायचे."

तुझे गुडघे! मुलुंड स्टेशनचा पूल तू माझ्या आधी चढून जायचास आणि वर उभा राहून हाका मारायचास, "ये रे म्हाताऱ्या!"

खरं काय झालं ते मला आणि तुला माहीत आहे. शुभदाताईंना, नेहाला आणि गटातल्या बाकीच्यांनाही माहीत आहे. पण तू तर गेलास, आणि त्यांच्यातलं कोणी कधीच बोलणार नाही. उरलो मी.

ती चोरांची जाडजूड कादंबरी नेहाने आणली होती. आठवतं ना, आपण कसे कुरकुरलो होतो? साठी उलटलेल्या माणसांनी जादूची पुस्तकं वाचायची? नेहा म्हणाली, "काका, पन्नास पानं वाचा, मग बोला." आणि तू दोन दिवसांत फडशा पाडलास. पहाडावरचं शहर, त्याच्या पायथ्याशी चोरांची वस्ती. चोराच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या तळहातावर काळा डाग असायचा. शहरात काही हरवलं की शिपाई वस्तीत उतरायचे आणि डाग बघून माणसं उचलायचे. मी ते मजेने वाचत गेलो. तू कसं वाचलं असशील, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. यायला हवा होता. मला तर माहीत होतं!

कांजूरमार्गच्या कंपनीत तू ड्राफ्ट्समन, मी स्टोअरमध्ये. तुझे वडील वारले आणि तू गावाहून परत आलास, त्या आठवड्यात डबा खायला आपण गच्चीवर गेलो होतो. तिथे तू सांगितलंस. तुम्ही पारधी. गावात कुणाची शेळी जरी गेली तरी पोलीस आधी तुमच्या पालावर यायचे. इंग्रज असताना तुझ्या आजोबांना रोज हजेरी द्यावी लागायची, चोरी केली म्हणून नाही, जन्माला आले म्हणून. तू आश्रमशाळेत शिकलास, मुंबईला आलास. इथे काळे म्हटल्यावर ज्याला जे समजायचं ते तो समजला. तू समजू दिलंस.

"कुणाला बोलू नकोस, दिनू."

"आईशप्पथ," मी म्हणालो होतो. गळ्याला चिमटा घेऊन.

सव्वीस वर्षं पाळली रे ती शप्पथ! बायकोलाही बोललो नाही. आणि मोडली कशासाठी? लोक मला हसले म्हणून.

त्या शनिवारी सगळ्यांना कादंबरी आवडली होती, तुला सोडून. तू पुस्तक मांडीवर उलटं ठेवलंस आणि म्हणालास, "पाचशे पानं मी ह्या पोरावर जीव लावला. चोराच्या घरात वाढला, तरी शब्दाला जागला, दोस्तासाठी मार खाल्ला. आणि शेवटच्या प्रकरणात लेखक म्हणतो काय, तर हा राजाचा हरवलेला मुलगा! म्हणजे चांगुलपणा आला तो राजाच्या रक्तातून. का रे बाबा? चोराच्या पोटी चांगला माणूस आला असता तर काय बिघडलं असतं?"

मी म्हणालो, "अरे, गोष्ट आहे ती. शेवट झकास आहे. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"दिनू, तू स्टोअरमध्ये होतास ना, वाचतोसही तसाच. माल आला, मोजला, सही केली, खलास. आत काय आहे ते कधी उघडून बघितलंस?"

सगळे हसले. नेहा तर टाळ्या वाजवून हसली. तुझी जीभ ही अशीच. कंपनीतही चार लोकांत तू माझी टर उडवायचास आणि मी दात काढायचो. त्या दिवशी नाही काढले. कुठे मारलं की लागेल, ते मला बरोबर ठाऊक होतं.

"तुला झोंबणारच ना," मी म्हणालो. "पारधी तू. तुझ्या घरचीच गोष्ट आहे ही."

शुभदाताईंची पर्स टेबलावर होती. त्यांनी हात लांब केला, ती उचलली आणि मांडीवर घेतली. त्यांना कळलंसुद्धा नसेल. पण आम्ही सगळ्यांनी बघितलं. तूही बघितलंस.

तू आधी पर्सकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "माझा मुद्दा राहिला," म्हणालास, आणि तो पुरा केलास. तो काळा डाग जन्मतः नसतो, शिपाईच उमटवतात, असं लेखकाने लिहिलं असतं तर पुस्तक उभं राहिलं असतं, असं काहीतरी. आवाज जरासुद्धा हलला नाही. चहा संपवलास, कप विसळून ठेवलास आणि गेलास.

का नाही माझ्या थोबाडीत मारलीस? निदान आरडाओरडा तरी करायचास! मग मी रागावलो असतो, आपण भांडलो असतो, महिन्याभरात मिटलंही असतं.

उलट पुढच्या शनिवारी तू आलास! सगळे तुझ्याशी गोड गोड. शुभदाताईंनी तर घरून लाडू आणले होते. आणि एरवी उघडं असणाऱ्या पुस्तकांच्या कपाटाला नवं कुलूप. योगायोग असेल. वाळवीचा बंदोबस्त चालू आहे असं कोणीतरी म्हणालं. वाळवीला कुलूप? तू ते कुलूप बोटाने जरा हलवून बघितलंस, लाडू न खाता उठलास, आणि पुन्हा कधी जिना चढला नाहीस.

मी तुझ्याकडे यायला आठ महिने लावले. तू दारात उभा राहिलास, हात चौकटीवर.

"सुऱ्या, चुकलं रे माझं."

"चुकलं नाही. नेम धरून मारलंस."

मी वळायला लागलो.

"तसं म्हण ना. एवढा जिना चढून आलायस तर खरं बोलून जा."

"नेम धरून मारलं," मी म्हणालो.

"हां. आता जा."

दार लावलंस. चार महिन्यांनी तू गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं, ते पण नेहाने टाकलं म्हणून.

आज सकाळी वहिनींना भेटून आलो. कालचं 'फार दुखायचे' मला झोपू देईना. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, समोर बसल्या. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "माहीत आहे मला. त्याच संध्याकाळी सांगितलं होतं ह्यांनी. काल तुम्ही काय बोलता ते बघत होते मी."

मला वाटलं, आता रडतील, मग मीही रडेन, आणि मोकळा होईन. कसला निर्लज्ज विचार!

"माणूस जाताना माफ करून जातो म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी नाही केलं. आयसीयूमध्ये मी विचारलं, दिनूभाऊजींना बोलावू का? नको म्हणाले. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नको. उगाच मनाची समजूत घालू नका, म्हणून सांगते."

मी पाण्याचा पेला ठेवला आणि उठलो. त्यांनी थांबा म्हटलं नाही.

तुझ्यावर रागही येतो रे. तू तोंडाचा तिखट होतास, हट्टी होतास, एक 'ये' म्हणाला असतास तर तुझी जीभ झडली असती का? पण नाही म्हणालास. तो तुझा हक्क होता आणि तू तो शेवटपर्यंत सोडला नाहीस. मला तसं जमलं नसतं.

येत्या शनिवारी मी माडीवर जाणार आहे. शुभदाताई असतील, नेहा असेल, दोन नवीन माणसंही यायला लागलीत. काळे का येईनासे झाले ते सगळ्यांसमोर सांगेन. गुडघे नाही, मी. तू पारधी होतास म्हणून नाही, मी नीच वागलो म्हणून. पर्सचं सांगेन, कुलपाचंही सांगेन. शुभदाताईंना वाईट वाटेल, वाटू दे. मला गटातून काढतील, काढू देत. आणि बोलून झाल्यावर तुझी माफी मागणार नाही. तू दिलेली नाहीस, ती मी त्या लोकांकडून घेणार नाही.

मित्र म्हणून सही करायची सोय मी ठेवलेली नाही, म्हणून नुसताच,
दिनू