साक्षीदार जिन्याखाली

२४ सप्टेंबर १९९४, शनिवार
सुरतेत प्लेग. पेपर दोनदा वाचला. घाबरण्यासारखं काही नाही. अशा वेळी समाजाला कायदा जाणणारा माणूस लागतो. मी कोर्टात बावीस वर्षं काढली. आवक-जावक विभागात, पण कागद सगळे माझ्याच हातून गेले.

वरच्या मजल्यावरच्या दमयंतीबाईंनी बोलावलं होतं. आमच्या शेजारची पिठाची गिरणी त्यांची. मूलबाळ नाही. बहिणीची मुलगी कुमुद चौदा वर्षं गिरणी चालवते, तिच्या नावे मृत्युपत्र करायचंय. नाही केलं तर सगळं उरणच्या दिराकडे, भगवानरावांकडे जाणार. ते इकडे फक्त तेराव्याला उगवतात.

सुनंदा म्हणाली, साध्या कागदावर चार ओळी लिहा आणि आजच सही घ्या. बायकोला कायद्यातलं कळत नाही. शिवाय पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात मृत्युपत्र म्हणजे यमाला आपणहून पत्ता कळवण्यासारखं. पंधरवडा संपू दे. मसुदा मात्र उद्यापासून.

२६ सप्टेंबर, सोमवार
मसुदा सुरू झाला नाही. पेन गळतं.

गिरणीत पोत्यांमागे मेलेला उंदीर सापडला. आरोग्य खात्याचा माणूस नोटीस देऊन गेला. म्हणाला, तीन दिवसांत बिळं काचा-सिमेंटने बुजवा, मी येऊन बघतो, विषय संपला. फार सभ्यपणे बोलला. तिथेच मला संशय आला.

कुमुद सिमेंट आणायला निघाली होती. थांबवली. बिळं बुजवणं म्हणजे बिळं होती असं लेखी कबूल करण्यासारखं. १८९७ चा साथीचा कायदा आहे, त्याचा अभ्यास करून उत्तर देतो म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं, काका. पोरगी समजूतदार आहे.

आपला गव्हाचा डबा दळायला ठेवला. कुमुदने नावाची चिठ्ठी चिकटवली.

२८ सप्टेंबर, बुधवार
टेट्रासायक्लिन अख्ख्या पनवेलात नाही. मला नकोच होती, नुसती चौकशी केली. सहा दुकानांत. तोंडाला रुमाल बांधतो, कारण न्हावा शेव्याच्या ट्रकांची धूळ फार.

नोटिशीला उत्तर तयार. तीन पानं, इंग्रजीत. पहिलं वाक्य पानभर.

दमयंतीबाई खोकतात. छतातून ऐकू येतं. मोजायचं नाही असं ठरवलं. दुपारपर्यंत एकेचाळीस.

३० सप्टेंबर, शुक्रवार
गिरणीला सील. माझं उत्तर त्यांनी घेतलं, पोच दिली आणि सील लावलं. पोच व्यवस्थित फाइल केली.

कुमुद म्हणाली, एक पाटी सिमेंट लागलं असतं. मी समजावलं की ही टेस्ट केस आहे. डबा आत राहिला.

गल्लीतली चार घरं पुण्याला गेली. एरवी या वेळी गिरणीची घरघर असते. आज वरचा खोकला तेवढा.

आमच्या मोरीत उंदीर. मेलेला. सुनंदाला सांगितलं नाही. बोळात राखेखाली पुरला आणि तीनदा अंघोळ केली.

४ ऑक्टोबर, मंगळवार
मसुदा पूर्ण. अकरा पानं.

डॉक्टर वर येऊन गेले. जुना दमा, हृदय थकलंय, प्लेगचं लक्षण एकही नाही म्हणाले. डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास आहे. जिन्याच्या बाजूची खिडकी बंद करून घेतली.

दमयंतीबाईंचा तिसरा निरोप. भाऊ, आजच या. कळवलं, दोन दिवस दम धरा.

६ ऑक्टोबर, गुरुवार
मृत्युपत्र झालं. वेळा नोंदवून ठेवतो, पुढे पुरावा म्हणून लागतील.

साक्षीदार दोन. मी आणि गिरणीतला हमाल काशिराम. सुरक्षित पद्धत मीच शोधली. सकाळी १०.१० ला जिन्याखाली माझी साक्ष. १०.१५ ला काशिरामची. १०.३० ला कुमुदने कागद ताटातून वर नेला. १०.५० ला दमयंतीबाईंची सही होऊन खाली आला. कापराच्या धुरावर धरून फाइल केला. कोणी कोणाच्या जवळ गेलं नाही.

काशिरामने मध्येच हुज्जत घातली. म्हातारीनं सही करताना आमी बगितलं नाय, तं आमी साक्षी कसले? तो वर जायला निघाला होता, दरडावून थांबवला. अडाणी माणूस.

आज फार समाधान वाटतंय.

९ ऑक्टोबर, रविवार
दमयंतीबाई पहाटे गेल्या. दाखल्यावर दमा असं लिहिलंय, तरी खांदा द्यायला कोणी येईना. काशिरामने कोळीवाड्यातून तिघं आणले. मी खिडकीतून सूचना दिल्या.

मृत्युपत्र वेळेत झालं म्हणून बरं. कुमुदला तसं बोललोही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार
भगवानराव वकील घेऊन आले. पोरगेलासा वकील. अकरा पानं चाळली आणि एकच प्रश्न विचारला, बाईंनी सही केली तेव्हा आपण कुठे होतात?

मी म्हटलं, माझ्याकडे मिनिटामिनिटाची नोंद आहे. ही वही आणून सहा तारीख वाचून दाखवली. त्याने पुन्हा वाचायला लावली, लिहून घेतली, आभार मानले. काशिरामनेही तेच सांगितलं. मग वकील मला म्हणाला, साक्षीदाराने सही होताना बघावं लागतं, निदान सही माझी आहे हे बाईंच्या तोंडून ऐकावं लागतं. हे आपल्याला माहीत असेलच.

माहीत होतं. पान दोन, कलम चार. मीच लिहिलंय.

कुमुद दारात उभी होती. तिच्याकडे बघितलं नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार
भगवानरावांनी अर्ध्या दिवसात बिळं बुजवली. एक पाटी सिमेंट लागलं. सील निघालं. कुमुद कोर्टात जाणार नाही म्हणते. तिला भायखळ्याच्या मावसभावाकडे जायचंय.

सुनंदाने विचारलं, वीस पायऱ्या होत्या, तुम्ही वर का नाही गेलात? नोटीस, पितृपक्ष, खबरदारी, सगळं सांगून झालं. तिने पुन्हा तेच विचारलं. मग म्हटलं, भीती वाटली. एवढं बोलायला महिना लागला.

दुपारी कुमुद आली. बॅग जिन्याखाली ठेवलेली. माझा डबा परत द्यायला आली होती. वर तिच्या अक्षरातली माझ्या नावाची चिठ्ठी. म्हणाली, गहू तसाच आहे काका, गिरणी आता माझी नाही, मला दळून देता येणार नाही.