गाण्याआधीचे चाळीस सेकंद

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

या महिन्याची नव्वद मिनिटं माझी. आणि रितेशने सकाळी सकाळी ग्रुपवर टाकलं – "या वेळी मॅडमची पाळी, म्हणजे हळवी गाणी. रुमाल तयार ठेवा." मेल्या, तू शाळेत होतास तेव्हापासून मी रॉक ऐकतेय. गिटार किंचाळली नाही तर याला ते रॉक वाटतच नाही.

अकरा जण आहोत आम्ही – उरण, पनवेल, अलिबाग, रेवस. दर महिन्याला एकाने टेप करायची. टेप म्हणायचं आपलं, असते फाइल. गाण्यांची नावं आधी सांगायची नाहीत. सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, मधलं काही गाळायचं नाही. मग शेवटच्या रविवारी रेवसला रचनाच्या ओटीवर जमायचं, परत ऐकायची आणि भांडायचं. एवढेच नियम, आणि ते मला फार प्रिय आहेत. दिवसभर क्लिअरिंगच्या ऑफिसात कंटेनरचे नंबर टाइप करून डोकं बधिर होतं. महिन्यातली ही नव्वद मिनिटं तेवढी माझी.

रितेशला दाखवतेच आता.

५ फेब्रुवारी, बुधवार

यादी जमतेय. पेरूमधल्या पोरांचं गॅरेजमधलं गाणं, नुसता गोंगाट. त्याला लागून तुर्कस्तानातलं, विजेवरच्या साझ या तंतुवाद्याचं. जपानी बायकांचा बँड – तिघीच, पण भिंती हलतात. नागालँडचं एक संथ. मग अकरा मिनिटांचं एक जर्मन, त्यात शब्दच नाहीत. कुठल्याचा कुठल्याशी संबंध नाही आणि तरी एकातून दुसरं निघतं. हे जोडायला मला येतं. हे एक मला येतं.

शेवटचं गाणं मात्र सापडत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं!

भाताच्या खोलीत जुनी बॅग होती, तिच्यात दादाच्या बँडची कॅसेट. बँडचं नाव 'खाजण', साल २००४. याच खोलीत बसून केलेली. दादा गायचा, हरेश्वर ड्रम वाजवायचा – ड्रम म्हणजे दोन ड्रम आणि एक पत्र्याचा डबा. मी अठराची होते.

दोन वर्षं झाली दादाचं स्वरयंत्र काढून. कॅन्सर. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले नशीब समजा. समजतो. तो कामाला होता त्या कंटेनर यार्डातल्या गोंगाटात सुजितदादाची हाक पार गेटपर्यंत जायची. आता तो पाटीवर लिहितो, फोनवर टाइप करतो. आईला बोलवायचं तर एक टाळी, मला बोलवायचं तर दोन. मला त्या टाळ्यांचा राग येतो. दादाचा नाही, टाळ्यांचा. कुणी हॉटेलात पोऱ्याला बोलवावं तशी मी उठून जाते आणि वर हसते.

आमच्याकडे त्याच्या आवाजाचं काहीच नाही. घरातल्या एका लग्नाच्या व्हिडिओत ऐकू येतो तो नुसता बँडबाजा. फोनवर त्याच्या आवाजातला एक मेसेज होता, तो फोन पाण्यात पडला. ही कॅसेट सोडून काहीच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रितमकडे गेले होते. ग्रुपमध्ये एकट्याकडे चालू टेपरेकॉर्डर आहे, आणि सगळ्यांच्या टेपा शेवटी तोच नीट करून ग्रुपवर चढवतो. गॅस प्लँटमध्ये शिफ्टला असतो, आज सुट्टी होती. कॅसेट घातली. गाणं कॉम्प्युटरवर पूर्ण उतरलं आणि पुढे खर्रर्र. मशीनने टेप खाल्ली. बाहेर ओढली तर शेवयांसारखा गुंता, दोन ठिकाणी तुटलेला. प्रितम बिचारा घामाघूम. मी म्हटलं जाऊ दे, उतरलंय ना.

उतरलंय. गाणं ठीकच आहे, वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं असतं तसं. पण गाण्याआधी चाळीस सेकंद नुसतं बोलणं आहे. दादा म्हणतो, "हरेश, पाय झोपला काय रे तुझा? परत घे." कोणीतरी हसतं. दादा खोकतो. मग म्हणतो, "सुचे, दार लाव गं, कोंबड्या येतान आत." आणि मग एक, दोन, तीन, चार.

सुचे. तो एकटाच मला असं म्हणतो. म्हणायचा.

मी प्रितमसमोर रडले. त्याने पंखा मोठा केला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

९ फेब्रुवारी, रविवार

क्रम लागला. जर्मन संपतं, दोन सेकंद शांतता, आणि मग दादाचं बोलणं. शेवटचं तेच. अकराच्या अकरा जणांनी ऐकायचं, गाळायचं नाही.

प्रितम म्हणाला, "दादाला सांगितलंस ना?" मी म्हटलं, सरप्राइज आहे, तेवीसला त्याला पण रेवसला नेणार. तो म्हणाला, "बघ बाबा, तुझं तू."

सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर ठेवून आले. आवाज सारखे करून शनिवारी चढवतो म्हणालाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दादा दुपारी प्रितमकडे गेला होता म्हणे. आईने सांगितलं. दोघांचं काय चालतं कोण जाणे. जेवताना माझ्याकडे बघत नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टेप चढली. मी ऐकली नाही, मला पाठच आहे. आता तेवीसला सगळ्यांबरोबरच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रितेशचा मेसेज – "जपानी बायका कोण आहेत त्या? मानलं." रुमालाबद्दल काही नाही. मिटलं का तोंड?

पण शेवटाबद्दल कोणीच काही बोलत नाही. रचनासुद्धा नाही. ऐकून सुचत नसेल काही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादा आला नाही. पाटीवर लिहिलं – "पाय दुखतो." काल बाजारात फिरला तेव्हा दुखत नव्हता. एकटीच करंज्याहून तरीच्या बोटीने गेले.

ओटीवर नऊ जण. चहा, पोहे, मोठा स्पीकर. तुर्की गाण्याला रितेशने मान हलवली. जर्मन संपलं. दोन सेकंद शांतता.

आणि सरळ गाणं. एक-दोन-तीन-चारही नाही. थाडकन ड्रम.

मी उठून स्पीकर बंद केला. प्रितमला म्हटलं, बोलणं कुठाय? तो खाली बघत म्हणाला, "काढलं मी ते. नॉइज होता खूप." नॉइज! माझ्या भावाचा आवाज तुला नॉइज वाटला? सगळ्यांसमोर बोलले, काय काय बोलले सगळं आठवत नाही. तू हातात आलेल्या वस्तू धुऊन पांढऱ्या करणारा माणूस आहेस, हे नक्की म्हणाले. रचना हात धरत होती. मग म्हटलं, मूळ फाइल दे, आत्ता, पेनड्राइव्हवर. तो म्हणाला, "माझ्याकडे नाही आता."

टेप तुटलेली. फाइल नाही. संपलं म्हणजे.

परतीच्या तरीत एक बाई विचारत होती, ताई, लागते का हो बोट? म्हटलं हो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रितमला सहा फोन. सातवा उचलला. "सुचिता, यार, मला नको विचारू. मी नाही सांगू शकत." मी म्हटलं, सांगण्यासारखं आहेच काय? चुकून डिलीट केलंस आणि कबूल करायची हिंमत नाही. गप्प. नुसता गप्प! ज्याला बोलता येतं त्याने असं गप्प बसलेलं मला सहन होत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सुट्टी. आईशी पण भांडले. साबुदाणा करपला म्हणून. खरं म्हणजे दादावर चिडले होते – दुपारभर दार लोटून, कानाला हेडफोन लावून पडलेला असतो. मी काय गमावलंय याचा याला पत्ता नाही. आई म्हणाली, "त्याचा डोका नको खाऊस. झोपला न्हाय तो, ऐकतंय कायतरी. बरा वाटतं त्याला." मलाही बरं वाटायला हवं होतं.

त्याला सांगितलेलं नाही अजून. सांगू काय? तुझा आवाज सापडला होता, पंधरा दिवस होता, आणि माझ्या मित्राने पुसला?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातून ग्रुपवर लिहिलं. सगळं. दादाचं ऑपरेशन, कॅसेट, चाळीस सेकंद. शेवटी लिहिलं की प्रितमने आमच्या घरातून जे नेलं ते चोरही नेत नाही, आणि यापुढे कोणी त्याच्या हातात आपली टेप देऊ नये. रितेशने तेवढ्यात पाठिंबा दिला, तोही मोठ्या अक्षरांत. संध्याकाळी पाहिलं – 'प्रितम यांनी ग्रुप सोडला.'

बरं झालं. वाईट वाटत नाही मला. अजिबात नाही.

१ मार्च, शनिवार

सुचे, अक्षर ओळखशील. वही वाचली. तू कामाला गेलीस तेव्हा. विचारलं नाही, तू पण विचारलं नव्हतंस.

प्रितमने मला विचारलं होतं, बोलावून ऐकवलं. ते बोलणं मी काढायला लावलं. प्रितमला शपथ घातली होती कुणाला सांगायचं नाही म्हणून. त्याची माफी माग, आजच. त्याने माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या.

गाणं लोकांसाठी म्हटलं होतं, ते कोणाला पण ऐकव. बोलणं आपल्या घरातलं होतं. अकरा जण ते ऐकून अरेरे म्हणणार, मग मी भेटलो की गळ्याकडे बघणार. माझं तेवढंच बोलणं राहिलंय गं. ते कुठे वाजवायचं ते तरी मला ठरवू दे.

फाइल माझ्या फोनमध्ये आहे. पूर्ण. दुपारी तीच ऐकतो.

तुला ऐकायची असेल तर माग.