लाल रेघ, निळी रेघ

३ जून, मंगळवार

ओलांडली! एकदाची ओलांडली!

आपल्या देशाची निळी रेघ शेजारच्या देशाच्या लाल रेघेवर चढली. सरकार एका मुलामागे शिक्षणावर वर्षाला किती खर्च करतं, त्याच्या या दोन रेघा – महागाई वजा करून काढलेल्या. इतकी वर्षं लाल वर, निळी खाली. आणि आज हे! बाई उठून आलेखाच्या पडद्याजवळ गेल्या, बोट लावून पाहिलं. डोळे भरले होते. आमच्या विभागप्रमुख बाईंचे! ज्यांच्यापुढे आमचे संचालक साहेबसुद्धा खोकायच्या आधी विचार करतात.

पहिला आलेख त्यांनीच काढला होता, नोकरीला लागल्या त्या वर्षी, हाताने. तेव्हा निळी रेघ इतकी खाली होती, की शिपायाला म्हणे ती कागदाची कड वाटली. या महिनाअखेर बाई निवृत्त होतायत. "जायच्या आत एवढं दिसू दे," हे मी इथे आल्यापासून ऐकतेय.

४ जून

साहेब हवेत. निरोपाला मंत्री येणार, आलेख भिंतभर छापणार, बाईंच्या हस्ते अनावरण! नवरा म्हणाला, "ऑफिस आहे की लग्नघर?" लग्नघरच.

६ जून

बाई सकाळीच माझ्या टेबलाशी.

"आपला शेवटचा आकडा कुठून आला?"

"साहेबांनी पाठवला."

"तरतूद आहे की खर्च?"

मी फाइल उघडून दाखवली – तरतूद. तरतूद म्हणजे सरकार नुसतं देऊ म्हणालं ते. शेजाऱ्यांचा आकडा खरोखर खर्च झालेल्या पैशांचा. आपला खर्च अजून कळलाच नव्हता, म्हणून साहेबांनी तरतूद पुढे सरकवली आणि मी मुकाट्याने भरली.

"अगं, त्यांचं झालेलं जेवण आणि आपलं नुसतं आमंत्रण! तुलना कशी व्हायची?"

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० जून

अर्थखात्यात स्वतः जाऊन बसल्या आणि खर्चाचा आकडा घेऊनच उठल्या. निळी रेघ परत खाली. फार नाही – केसभर!

साहेब म्हणाले, "बाई, कोण बघतंय? पुढच्या वर्षी दुरुस्त करू. तुमचाच सत्कार आहे."

"म्हणून तर. माझ्या सत्काराला खोटी रेघ नको."

मला राग आला. साहेबांचा नाही, बाईंचा! जरा डोळेझाक केली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पस्तीस वर्षं वाट पाहिली आणि स्वतःच्याच हाताने पुसून टाकलं. संध्याकाळी घरी येताना मात्र वाटलं, हे मला जन्मात जमलं नसतं.

१२ जून

डबा खाताना विचारलंच. "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. घरी जाऊन रडले."

"त्या लाल रेघेचा राग येत असेल."

"छे! ती वर होती म्हणून तर दरवर्षी आपल्या सरकारला सुनावता आलं – बघा, त्यांना जमतं! थोरल्या जावेसारखी आहे ती. तोरा सोसला, पण संसार तिच्याकडे बघूनच शिकलो."

काय बाई आहे ही!

३० जून

मंत्री आले नाहीत. भिंत कोरीच. चहा, बिस्किटं, साहेबांचं घाईचं भाषण. बाईंनी त्यांच्या जुन्या रंगीत पेन्सिली मला दिल्या. म्हणाल्या, "निळीला टोक करून ठेव."

११ जून, वर्ष उलटल्यावर

ओलांडली! या वेळी दोन्हीकडचा खर्चच आहे, पुन्हा पुन्हा तपासलं. साहेबांनाही न सांगता आधी बाईंना फोन लावला.

"कितीने चढली गं?"

"निळी आहे तिथेच आहे, बाई. लाल उतरलीय. त्यांनी यंदा शाळांचा खर्च कापला."

बाई म्हणाल्या, "अगं, तिकडच्या पोरांचं कसं व्हायचं आता?"

तोपर्यंत मी हसत होते.